इंटररेगचा अर्ज: आधी सीमेपलीकडचा शेजारी, मग पैसा

नेदरलँड्समधल्या एका मराठी ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्या ओव्हरआयसेल प्रांतात, जर्मन सीमेला लागून असलेल्या एका लहान नगरपालिकेत नुकत्याच रुजू झाल्या आहेत. गावाजवळून डिंकल नदी वाहते. पावसाळी दिवसांत ती काठ सोडते आणि कोरड्या उन्हाळ्यात आटते. नगरपालिकेला आपल्या हद्दीत नदीकाठची जमीन मोकळी करून पाणी मुरवायचं आहे, शिवाय काठाने एक पायवाट करायची आहे. वरिष्ठांनी “इंटररेगमधून पैसे मिळतात म्हणे, बघा जरा” असं सांगून फाइल त्यांच्याकडे दिली. (इंटररेग म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या प्रदेशांनी मिळून केलेल्या कामांना युरोपीय संघ देतो तो निधी.) त्या विचारतात की हा पैसा मिळेल का, किती मिळेल, सुरुवात कुठून करायची. आणि महाराष्ट्रातल्या एखाद्या संस्थेला यात घेता येईल का?

मी बरीच वर्षं याच सीमेवरच्या प्रकल्पांचं काम पाहते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही मांडलाय तसा प्रकल्प मंजूर होणार नाही. आपल्या हद्दीतलं काम आपल्या माणसांकडून करून घ्यायचं आणि पैसा युरोपकडून घ्यायचा, यासाठी इंटररेग नाही. पण डिंकलसाठी हा पैसा मिळू शकतो. माझ्या मते ही नदी त्यासाठी फार चांगली निवड आहे. कारण नकाशात आहे. डिंकल जर्मनीत कोसफेल्ड जिल्ह्यात उगम पावते, ग्रोनाऊ शहरातून वाहत नेदरलँड्समध्ये शिरते, लोसर आणि डेनेकाम्प भागातून जाते आणि पुन्हा जर्मनीत जाऊन नॉयनहाउसजवळ फेख्टे नदीला मिळते. म्हणजे एवढ्याशा नदीवर दोन देश आहेत, आणि जर्मनीत वरच्या अंगाला नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया तर खालच्या अंगाला लोअर सॅक्सनी अशी दोन वेगळी राज्यं आहेत. तुमच्या गावात येणारं पाणी ग्रोनाऊकडून येतं आणि तुम्ही सोडलेलं पाणी खालच्या अंगाच्या बेंटहाइम जिल्ह्यातल्या लोकांच्या शेताकडे जातं. तुम्ही एकट्यांनी काठ मोकळा केला तर पुराचा प्रश्न अर्धाही सुटणार नाही. इंटररेग ज्यासाठी पैसे देतं ती गोष्ट नेमकी हीच.

इंटररेगचा जन्म कशातून झाला हे माहीत असेल तर अर्जातला प्रत्येक प्रश्न का विचारलाय ते कळतं. युरोपात सीमेवरचे जिल्हे पिढ्यानपिढ्या दुर्लक्षित राहिले. राजधानीतून निघालेला रस्ता किंवा रेल्वेमार्ग सीमेपाशी येऊन संपायचा. दवाखाना, कॉलेज, कारखाना उभारताना पलीकडची माणसं हिशोबात धरली जायची नाहीत, त्यामुळे अलीकडच्यांसाठीसुद्धा ते परवडायचं नाही. आपल्या या पट्ट्यातल्या डच आणि जर्मन गावांनी १९५८ मध्ये एकत्र येऊन ‘युरेगिओ’ ही संघटना काढली. महायुद्ध संपून जेमतेम तेरा वर्षं झाली होती, हे लक्षात घेतलं तर त्या नगराध्यक्षांचं धाडस कळतं. तिचं कार्यालय आजही ग्रोनाऊला, सीमेवरच आहे. तेव्हा ब्रुसेल्सहून यासाठी एक पैसा येत नव्हता. तो आला १९९० मध्ये, एकसंध बाजारपेठ उघडायच्या तोंडावर, इंटररेग या नावाने. म्हणजे सहकार्य आधी होतं आणि निधी नंतर आला. माझ्या मते चांगल्या प्रकल्पांतही हाच क्रम असतो.

आता सहावी फेरी चालू आहे, २०२१ ते २०२७ ची. तीत ८६ कार्यक्रम आहेत आणि सगळ्यांना मिळून साधारण १००० कोटी युरो. आकडा मोठा वाटतो, पण युरोपीय संघाच्या प्रादेशिक विकासाच्या एकूण निधीत, म्हणजे सुमारे ३९,२०० कोटी युरोंत, हा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. दुसरीकडे, संघाच्या अंतर्गत सीमांलगतचे प्रदेश त्याच्या भूभागाच्या ४० टक्के आहेत आणि जवळपास १५ कोटी लोक तिथे राहतात. इतक्या लोकांमध्ये एवढा पैसा वाटायचा म्हटल्यावर त्यातून धरणं आणि महामार्ग होत नाहीत. कुणाच्याच अंदाजपत्रकात न बसणारी मधली कामं होतात.

या ८६ कार्यक्रमांचे चार प्रकार आहेत, आणि नवी माणसं सर्वांत जास्त वेळ चुकीच्या दारावर घालवतात. पहिला प्रकार दोन शेजारी देशांच्या सीमेवरचा. तुमच्यासाठी तो म्हणजे इंटररेग डॉइचलांड-नेडरलांड, ज्याचं संयुक्त सचिवालय क्लेव्हे इथे आहे. दुसऱ्या प्रकारात आल्प्स, डॅन्यूब, बाल्टिक, उत्तर समुद्र असे मोठे पट्टे येतात. तिसरा संपूर्ण युरोपसाठी आहे आणि चौथा युरोपीय संघाच्या दूरवरच्या प्रदेशांसाठी. तिसऱ्यातला ‘इंटररेग युरोप’ नावामुळे सगळ्यांना आधी सापडतो, आणि नगरपालिका हमखास तिकडे धावतात. तिथे बांधकाम होत नाही. वेगवेगळ्या देशांतल्या शासकीय संस्था एकमेकींकडून शिकून आपापलं धोरण सुधारतात, त्यासाठी तो आहे. तीन वर्षं शिकायचं आणि एक वर्ष धोरणात काय बदललं ते पाहायचं, अशी त्याची रचना. प्रांताच्या पाणीधोरणावर काम करणाऱ्यांना तो उत्तम. तुम्हाला मात्र कुदळ आणि फावडं लागणार आहे, तेव्हा पहिलं दार.

आता मुख्य मुद्दा. २०२१ च्या इंटररेग नियमावलीत भागीदारांसाठी एक अट आहे: प्रकल्प एकत्र आखायचा, एकत्र राबवायचा, आणि माणसं किंवा पैसा यांपैकी किमान एक गोष्ट एकत्र उभी करायची. अर्ज वाचणारा अधिकारी दर पानावर हेच शोधत असतो. पलीकडचा भागीदार वगळला तरी तुमचं काम होणार असेल, तर ते इंटररेगचं काम नाही. मी कुठलाही मसुदा वाचताना आधी जर्मन भागीदाराचं नाव पेन्सिलने खोडते आणि उरलेला मजकूर वाचते. मजकूर तसाच्या तसा उभा राहिला तर तो परत पाठवते.

डिंकलच्या बाबतीत ही कसोटी लावून बघा. ‘आम्ही आमच्या बाजूला पायवाट करू, ते त्यांच्या बाजूला करतील, मध्ये एक फलक लावू’ हे दोन स्वतंत्र प्रकल्प एका पाकिटात घातल्यासारखं आहे. असे अर्ज खूप येतात आणि गुणांकनात मागे पडतात. त्याऐवजी प्रश्न नदीच्या बाजूने मांडा. वरच्या अंगाला किती पाणी पडलं की तुमच्याकडे किती तासांनी पातळी चढते? मोजणाऱ्या यंत्रांची माहिती दोन्हीकडे एकाच पद्धतीने ठेवली जाते का? पुराच्या वेळी ग्रोनाऊतून कोण कुणाला फोन करतं? २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यासारख्या वर्षी पाणी धरून ठेवण्याबाबत कुणाशी काय ठरलं आहे? यांतून एक सामाईक जलचित्र, एक सामाईक इशारा व्यवस्था आणि दोन्ही बाजूंना मिळून निवडलेल्या पाणी मुरवण्याच्या जागा असा प्रकल्प उभा राहतो. कुठली जागा आधी मोकळी करायची हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि त्यात कदाचित तुमच्या गावाचा नंबर दुसरा लागेल. हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा.

भागीदार म्हणून पहिलं नाव वेख्टस्ट्रोमेन या जलमंडळाचं. डच जलमंडळं स्वतःचा कर गोळा करतात आणि नदीची जबाबदारी त्यांच्याकडे असते. त्यांच्याशिवाय नगरपालिकेने नदीवर अर्ज केला तर पहिला प्रश्न तोच येईल. जर्मन बाजूला बोर्केन आणि ग्राफशाफ्ट बेंटहाइम हे दोन जिल्हे आणि तिथल्या पाणी-जमीन संघटना. कामाची विभागणी वेगळी असल्यामुळे नगरपालिकेला नगरपालिका आणि जलमंडळाला जलमंडळ असा जोडीदार सापडत नाही. तुमचं एक कार्यालय जे काम करतं, ते पलीकडे तिघांत वाटलेलं असतं. कोण काय ठरवू शकतं याचा साधा तक्ता दोन्ही भाषांत करा. तुमच्या तयारीतलं सर्वांत उपयोगी पान तेच ठरेल.

एकत्र काम म्हणजे किती खोलवर जावं लागतं, याचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं उदाहरण पिरेनीज पर्वतातलं आहे. सर्दान्या हे डोंगरांतलं पठार १६५९ च्या तहाने फ्रान्स आणि स्पेनमध्ये विभागलं गेलं. दोन्हीकडे मिळून वस्ती साधारण ३० हजार. फ्रेंच बाजूच्या रुग्णाला मोठ्या इस्पितळासाठी पेर्पिन्यांपर्यंत, सुमारे १०० किलोमीटर घाटरस्त्याने, जावं लागायचं. हिवाळ्यात बर्फ पडलं की काय होत असेल ते बाळंतिणीला विचारावं. एवढ्या लोकसंख्येसाठी स्वतंत्र इस्पितळ कुठल्याच देशाला परवडत नव्हतं, दोघांना मिळून परवडत होतं. २००३ च्या सुमारास अभ्यास सुरू झाले. २०१० मध्ये दोन्ही बाजूंनी मिळून युरोपीय कायद्याखालची एक सामाईक संस्था स्थापन केली. अशा संस्थांसाठीचा कायदा २००६ चा आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये स्पेनच्या बाजूला पुइगसर्दा गावी इस्पितळ उघडलं. इमारतीचा खर्च सुमारे ३ कोटी १० लाख युरो, आणि त्यातला ६० टक्के युरोपीय प्रादेशिक निधीतून आला. चालवण्याचा खर्च मात्र कायम त्यांचा: ६० टक्के स्पेनच्या बाजूचं कातालोनिया, ४० टक्के फ्रान्स.

इमारत झाल्यावर खरी अडचण कायद्यांची होती. फ्रेंच जोडप्याचं बाळ तिथे जन्मलं तर ते स्पेनमध्ये जन्मलं, म्हणून नोंदणीसाठी फ्रेंच वकिलातीकडे जावं लागायचं. फ्रेंच रुग्ण तिथे वारला तर काही किलोमीटरवरच्या त्याच्या गावी नेण्यासाठी मृतदेह परदेशातून आणण्याचे सगळे सोपस्कार करावे लागायचे. फ्रेंच डॉक्टरांची पदवी मान्य करून घेणं, विम्याचे पैसे वळते करणं, रुग्णवाहिकेने सीमा ओलांडणं, एकेका गोष्टीला स्वतंत्र करार लागला. हे काम कुठल्याही बांधकाम अंदाजपत्रकात दिसत नाही, आणि इंटररेगच्या पैशाचा सर्वांत चांगला उपयोग तिथेच होतो असं माझं ठाम मत आहे. तुमच्या नदीबाबतही पूर इशाऱ्याची पातळी, जमिनीचा मोबदला, झाडतोडीची परवानगी हे नियम दोन्हीकडे वेगळे असतील. त्यासाठी प्रकल्पात कायद्याचा जाणकार माणूस ठेवा, फक्त अभियंते नकोत. प्रकल्पाच्या आवाक्याबाहेरचा कायदेशीर अडथळा निघाला, तर सीमाभागांच्या युरोपीय संघटनेच्या ‘बी-सोल्यूशन्स’ उपक्रमातून अशा प्रकरणांना तज्ज्ञांचा सल्ला मिळत आला आहे. शिवाय २०२५ मध्ये सीमेवरचे असे अडथळे हाताळण्यासाठी नवं युरोपीय नियमन मंजूर झालं आहे. त्यात सदस्य देशांना समन्वय केंद्रांची सोय दिली आहे. नेदरलँड्स आणि जर्मनी तिचा काय उपयोग करतात ते विचारून ठेवा.

आता पैशाकडे येते. इंटररेग खर्चाचा काही हिस्सा देतं, आणि तो खर्च झाल्यावर देतं. कार्यक्रम पातळीवर युरोपीय वाटा जास्तीत जास्त ८० टक्के असू शकतो. प्रत्यक्ष प्रकल्पाला मिळणारा दर प्रत्येक कार्यक्रम ठरवतो आणि तो याहून बराच कमी असू शकतो. उरलेला हिस्सा तुमचा. आपल्या सीमेवर प्रांत आणि जर्मन राज्यंही काही वेळा त्यात भर घालतात, पण ते विषयावर अवलंबून असतं, गृहीत धरू नका.

समजा तुमच्या नगरपालिकेच्या वाट्याचं काम ३ लाख युरोचं आहे आणि दर ५० टक्के आहे. तुमचा हिस्सा दीड लाख, एवढं सगळ्यांना कळतं. पण उरलेले दीड लाखही आधी तुम्हीच खर्च करणार आहात. मग साधारण सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यायचा, नियंत्रक खर्च तपासणार, मुख्य भागीदार सगळ्यांचे अहवाल एकत्र करून पाठवणार, सचिवालय प्रश्न विचारणार आणि मग पैसे येणार. खर्च झाल्यापासून पैसे खात्यात येईपर्यंत कित्येक महिने जातात. नगरपालिकेला हे पेलतं. एखाद्या छोट्या निसर्गसंस्थेला भागीदार करणार असाल, तर तिच्या पगाराचा हा मधला काळ कोण सांभाळणार ते करारात लिहा. चांगल्या, मन लावून काम करणाऱ्या छोट्या संस्था उधारीवर जाताना मी पाहिल्या आहेत, आणि ते थांबवणं भागीदारांच्या हातात असतं.

हिशोब ठेवणं मात्र पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. पगारखर्चाच्या १५ टक्क्यांपर्यंत कार्यालयीन खर्च आणि आणखी १५ टक्क्यांपर्यंत प्रवासखर्च ठोक धरता येतो. कार्यक्रमाने ती सोय दिली असेल तर त्याची एकही पावती लागत नाही. दुसरा मार्ग असा की पगार सोडून बाकी सगळा खर्च पगाराच्या ४० टक्के धरायचा. माणसांचं काम जास्त आणि खरेदी कमी असेल तर हा दुसरा मार्ग घ्या. तुमच्या प्रकल्पात मोजणीयंत्रं आणि माती उपसण्याची कंत्राटं असतील तर तो परवडणार नाही, पहिलाच बरा. दोन लाख युरोपर्यंतच्या लहान प्रकल्पांना तर, काही अपवाद सोडता, ठोक दरच लावावे लागतात. पाच लाख युरोंचा एक प्रकल्प करण्याआधी लहान निधीतून दोन शाळांचा, दोन अग्निशमन दलांचा एखादा छोटा प्रकल्प करून बघा, असं मी नेहमी सांगते. युरेगिओसारख्या सीमेवरच्या संघटनांकडे लहान प्रकल्पांसाठी वेगळी सोय असते. ज्यांच्याशी एकदा हिशोब नीट जुळला, त्यांच्याशी मोठं काम करायला भीती वाटत नाही.

दोन ठिकाणी पैसा हकनाक परत जातो. एक म्हणजे खरेदी. कंत्राट देताना स्पर्धा झाली हे कागदावर दिसलं नाही तर तो खर्च कापला जातो, काम कितीही छान झालेलं असो. दुसरं म्हणजे प्रसिद्धीचे नियम. युरोपीय संघाचं चिन्ह, सहअर्थसाहाय्याची ओळ, दर्शनी जागी किमान ए-३ आकाराचा फलक. हे टाळलं आणि सांगूनही सुधारलं नाही तर साहाय्यातले २ टक्क्यांपर्यंत पैसे कापता येतात. कागदपत्रं शेवटचे पैसे मिळाल्याच्या वर्षअखेरीपासून पाच वर्षं जपायची असतात, आणि त्या काळात तुमची बदली झालेली असणार. फाइल तशी लावा.

मुख्य भागीदार व्हायची घाई करू नका. तो सर्वांच्या वतीने करार करतो, पैसे वाटतो, आणि कुणाचा खर्च नामंजूर झाला तर तो वसूल करून परत करण्याची जबाबदारीही आधी त्याच्याकडे येते. पहिल्या प्रकल्पात ही जागा जलमंडळाकडे जाऊ द्या. त्यांच्याकडे हिशोबाची माणसं आहेत.

अर्ज लिहायच्या आधी ‘कीप’ या संकेतस्थळावर जा. तिथे इंटररेगच्या जुन्या-नव्या प्रकल्पांची माहिती एकत्र ठेवलेली आहे. पूर, दुष्काळ, लहान नद्या असं शोधा, आणि तुमच्यासारखं काम कुणी केलं असेल तर त्यांना सरळ फोन करा. लोक मोकळेपणाने बोलतात. काय जमलं नाही हे अहवालात नसतं, पण फोनवर कळतं. नंतर आपल्या युरेगिओच्या कार्यालयात दोन पानांची कल्पना घेऊन जा. त्यांचा सल्ला मोफत असतो, आणि कल्पना कुठे कच्ची आहे ते अर्धा तास बोलण्यात समजतं. पूर्ण अर्ज लिहून मग सल्ला मागायला जाणाऱ्यांची मेहनत बहुधा वाया जाते, कारण तोवर भागीदार आणि रकमा ठरून गेलेल्या असतात आणि काही बदलायची कुणाची तयारी नसते.

महाराष्ट्रातल्या संस्थेविषयी: तुमच्या कार्यक्रमात ती भागीदार म्हणून बसणार नाही, तो सीमेवरच्या ठरावीक भागासाठी आहे. भारताशी खरा धागा एकच, चौथ्या प्रकारातला. रेयुनियाँ हे हिंदी महासागरातलं बेट फ्रान्सचा प्रदेश असल्यामुळे युरोपीय संघात येतं, आणि तिथल्या इंटररेग कार्यक्रमात मॉरिशस, मादागास्कर, सेशेल्स, कोमोरोस या शेजाऱ्यांबरोबर भारताचाही समावेश केलेला आहे. शेजारच्या मॉरिशसमध्ये पिढ्यानपिढ्या राहिलेला मराठी समाज आहे, त्यामुळे समुद्र, हवामान, वादळं, शेती यांवर काम करणाऱ्या आपल्याकडच्या विद्यापीठांनी तो कार्यक्रम जरूर पाहावा. सुरुवात रेयुनियाँमधल्या संस्थेपासून करावी लागेल आणि फ्रेंच येणारं माणूस सोबत लागेल. कोकणातल्या नदीवर काम करणाऱ्या मंडळींशी तुमचा संपर्क असेल, तर डिंकलच्या अनुभवाची देवाणघेवाण जरूर करा, पण ती प्रकल्पाच्या खर्चात दाखवू नका.

शेवटी वेळेचं गणित. या फेरीतला खर्च ३१ डिसेंबर २०२९ पर्यंतच धरला जाणार आहे आणि बऱ्याच कार्यक्रमांचा बहुतेक पैसा आधीच वाटून झालेला असतो. क्लेव्हेला फोन करून तुमच्या विषयाखाली काय शिल्लक आहे ते आधी विचारा. शिल्लक नसेल तर खचू नका. २०२८ ते २०३४ च्या अंदाजपत्रकाचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये मांडला. त्यात प्रादेशिक विकास आणि शेतीचा पैसा देशवार आराखड्यांत एकत्र करायचा विचार आहे, इंटररेग मात्र स्वतंत्र ठेवलं आहे. देश आणि संसद त्यात काय बदल करतात ते पाहावं लागेल. नव्या फेरीचे पहिले अर्ज निघतील तेव्हा ज्यांचे भागीदार आणि मोजणीची माहिती तयार असेल, ते पुढे असतील.

वरिष्ठांकडे आत्ता फक्त एवढंच मागा: जलमंडळ, ग्रोनाऊ आणि नॉयनहाउसच्या लोकांना एकत्र बोलवायची परवानगी आणि दुभाष्याचा खर्च. बैठक कार्यालयात घेऊ नका. नदी सीमा ओलांडते तिथे सगळ्यांना घेऊन जा, आणि मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते तिथल्या शेतकऱ्यालाच दाखवायला सांगा.